तिसऱ्या उन्हाळ्यासाठी पैसे मागा

कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि झाडाचं वर्ष मृगाच्या पावसाबरोबर जूनमध्ये सुरू होतं. शहरात झाडं लावू पाहणाऱ्या लहान संस्था, सोसायट्या, टेकडीवर रोज फिरायला जाणारी मंडळं यांच्या बऱ्याचशा अडचणी या मधल्या सवादोन महिन्यांत दडलेल्या आहेत. फेब्रुवारी सरत आला की एखाद्या कंपनीतून फोन येतो. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामांचा, निधी उरला आहे, मार्चअखेर खर्ची पडायला हवा, हजार झाडं लावून द्याल का? संस्था छोटी, एवढा पैसा पहिल्यांदाच दारात आलेला. ती हो म्हणते. मार्चच्या उन्हात खड्डे होतात, फलक लागतो, फोटो निघतात आणि मे संपेपर्यंत रोपं वाळून नुसत्या बांबूच्या काठ्या उभ्या राहतात.

मार्चमध्ये आलेला पैसा परत पाठवावा असं मी म्हणणार नाही. तो दुसऱ्या कामाला लावावा. खड्डे मार्च-एप्रिलमध्येच खणायचे असतात. ते उन्हाने तापले की मातीतली कीड आणि बुरशी कमी होते, हे कोणताही फळबागायतदार सांगेल. कुंपण, पाण्याची टाकी, गाळाची माती, कुजलेलं शेणखत, रोपवाटिकेत मोठ्या पिशवीतल्या रोपांची आगाऊ नोंदणी ही सगळी कामं पावसाआधीची आहेत आणि त्यांची बिलं मार्चच्या आत होऊ शकतात. रोप मात्र पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच जमिनीत जावं. कंपनीच्या अधिकाऱ्याला हे वेळापत्रक कागदावर मांडून दाखवलं, तर तो बहुतेक वेळा ऐकतो. त्याला वर हिशेब द्यायचा असतो आणि आपण त्याला हिशेबाची रीतसर जागा देत असतो.

या लेखात अनुदान कुठून मिळतं ते सांगणार आहेच, पण त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कशासाठी मागायचं हे. माझं ठाम मत आहे की झाड लावण्यासाठी पैसे मागणं सोपं, आणि बहुतेक वेळा व्यर्थ. मागायचे ते झाड तीन उन्हाळे जगवण्यासाठी. जुलैत लावलेल्या रोपाची मुळं आपलं पाणी आपण शोधू लागेपर्यंत साधारण तेवढा काळ जातो. पहिल्या उन्हाळ्याला सगळ्यांचं लक्ष असतं, दुसऱ्याला निम्म्यांचं, तिसऱ्याला फलकसुद्धा गंजलेला असतो. प्रस्तावातली प्रत्येक ओळ त्या तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पोहोचते का, हे तपासून मगच सही करा.

महाराष्ट्राला हा धडा मोठ्या आकड्यांनी मिळाला आहे. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपं लावण्याचा संकल्प झाला. पुढच्या वर्षांत तो ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींपर्यंत गेला. त्यातली जगली किती, यावर विधिमंडळात वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. तेव्हापासून निधी देणारा कोणताही जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो, जगलेली किती दाखवणार? केंद्र सरकारच्या ग्रीन क्रेडिट कार्यक्रमाचा प्रवासही तसाच आहे. २०२३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा पडीक वनजमिनीवर केलेल्या लागवडीच्या आधारे क्रेडिट देण्याची पद्धत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले आणि पाच वर्षांनंतर उभी असलेली झाडं मोजून क्रेडिट देण्याची अट आली. तो कार्यक्रम शहरातल्या लहान संस्थांसाठी नाही, पण निधीचं वारं कुठल्या दिशेने वाहतं आहे ते त्यातून कळतं.

अर्जाआधीची तीन उत्तरं

अनुदानाचा अर्ज उघडण्याआधी जमीन कोणाची, पाणी कुठलं आणि माणूस कोण, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हातात हवीत.

जमिनीचा सातबारा किंवा शहरातलं मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. महापालिकेची मोकळी जागा असेल तर उद्यान विभागाचं लेखी पत्र घ्या, तोंडी परवानगीवर एक खड्डाही खणू नका. विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण आहे ते नगररचना विभागातून पाहून घ्या. उद्या तिथून रस्ता जाणार असेल तर आज लावलेलं झाड सहा वर्षांनी तोडायच्या यादीत येईल. वरून विजेची उच्चदाबाची तार, खालून गॅसची वाहिनी, कडेने केबलचे खड्डे, हे सगळं नकाशावर खूण करून ठेवा. टेकडी वनखात्याची असेल तर करार वनखात्याशीच करावा लागतो. स्थानिक नगरसेवकाचं पत्र तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी अर्जात कोणी विचारत नाही पण आपण स्वतःला विचारायला हवी. ती जागा खरोखर झाडांची आहे का? पुणे-सोलापूर पट्ट्यातले कितीतरी माळ आणि उतार ही मुळातली गवताळ रानं आहेत. त्यांच्यावर खड्डे खणून रोपं कोंबली तर गवत जातं, त्यावर जगणारे चंडोल, माळटिटव्या, लांडगे, खोकड यांचं घर जातं आणि झाडंही धड वाढत नाहीत. अशी जागा असेल तर तसं निधी देणाऱ्याला स्पष्ट सांगावं आणि नाल्याचा काठ, शाळेचं आवार, स्मशानभूमी, औद्योगिक वसाहतीतले मोकळे भूखंड किंवा रस्त्याची कडा सुचवावी. जागा बदलायला सांगितल्याने निधी गेला तरी चालेल.

पाण्याचा हिशेब मात्र लिटरमध्ये करा. समजा तुम्ही रस्त्याच्या कडेला २०० झाडं लावणार आहात. पावसाळा संपल्यावर पहिल्या वर्षी प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा २० लिटर पाणी धरलं, तर एका फेरीला ४,००० आणि आठवड्याला ८,००० लिटर लागतात. ऑक्टोबर ते जूनचा पहिला आठवडा म्हणजे साधारण ३५ आठवडे. एकूण झाले २ लाख ८० हजार लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे २८ टँकर. हा ढोबळ हिशेब आहे. काळ्या मातीत आणि जाड आच्छादनाखाली पाणी कमी लागेल, मुरमाड उतारावर जास्त. पण हा आकडा तुमच्या गावच्या टँकरच्या दराने गुणून पाहा, म्हणजे लक्षात येईल की रोपाची किंमत या हिशेबात अगदी किरकोळ आहे. महापालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी बागांसाठी मिळू शकतं. जवळच्या सोसायटीचं स्वतःचं प्रक्रिया केंद्र असेल तर तिथेही विचारा. ते मिळत असेल तर त्यांचं संमतीपत्र प्रस्तावाला जोडा. निधी देणाऱ्याला त्या एका कागदाने जेवढा विश्वास वाटतो तेवढा दहा पानी प्रस्तावनेने वाटत नाही.

आणि माणूस. स्वयंसेवक रविवारी येतात, झाडाला मंगळवारीही तहान लागते. पगारी माळी हवा, त्याचं नाव मस्टरवर हवं, त्याचा पगार तीनही वर्षांच्या अंदाजपत्रकात हवा. बऱ्याच संस्था संकोचाने हा पगार लपवतात किंवा 'कार्यालयीन खर्च' या खात्यात टाकतात आणि मग तिथे कात्री लागते. माळ्याची मजुरी आणि टँकर हा निखळ प्रकल्पखर्च आहे. तो उजळ माथ्याने वर लिहा.

पैसा कुठे आहे

सगळ्यात जवळचा पैसा आपल्याच घरपट्टीच्या बिलात आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत त्या बिलावर वृक्षकराची एक ओळ असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरण असणं आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना होणं अपेक्षित आहे. मुंबईच्या २०१७-१८ च्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडं नोंदली गेली. आपल्या शहरात वृक्षकरातून गेल्या तीन वर्षांत किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून विचारता येतं. उत्तर भांडायला वापरू नका, प्रस्तावाला जोडा. 'आमच्या प्रभागात गणनेनुसार इतकी झाडं, रस्त्याच्या या टप्प्यात एकही नाही, या निधीतून हे काम व्हावं' असं मुद्देसूद पत्र उद्यान अधीक्षकांना बाजूला ठेवणं कठीण जातं.

२०२१ मध्ये या कायद्यात झालेली दुरुस्ती प्रत्येक वृक्षप्रेमीने वाचावी. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला त्यात वारसावृक्षाचा दर्जा आहे. झाड तोडण्याची परवानगी मिळाली तर त्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची, अशी तरतूद आहे. म्हणजे बांधकामांच्या बदल्यात लावायच्या झाडांसाठी जागा, पैसा आणि सांभाळणारे हात शहरात सतत हवे असतात. तुमच्याकडे योग्य जागा आणि तयार माळी असेल तर उद्यान विभागाला तसं कळवा. इथे एक सावधगिरी हवी. कायद्याने लावावीच लागणारी झाडं कोणत्याही कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत, कारण इतर कायद्यांची बंधनं पुरी करण्याचा खर्च सीएसआरच्या नियमांनी वगळलेला आहे. कारखान्याच्या परवान्यातला हरितपट्टाही याच कारणाने त्यात बसत नाही. दोन्ही खाती एकाच जागेवर दाखवू पाहणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. लेखापरीक्षणात नाव तुमच्या संस्थेचंही येईल.

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात ठराविक मुदतीत अर्ज द्यायचा, काम मंजूर झालं की ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं. लोक त्यात पदपथ, दिवे आणि बाकडी मागतात. झाडांची आळी सिमेंटातून मोकळी करणं, रस्त्याच्या दुभाजकाला ठिबकची नळी, बागेत विंधन विहिरीवर पंप, अशी कामंही त्यात मागता येतात. अशा कामांमुळे पुढे लावल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडाचं पाणी स्वस्त होतं. इतर शहरांत अशी पद्धत नसली तरी अंदाजपत्रकाची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू होते, हे ध्यानात ठेवून ऑक्टोबरमध्येच पत्र द्यावं. फेब्रुवारीत दिलेलं पत्र पुढच्या वर्षाचं होतं.

मोठ्या जागेसाठी केंद्र सरकारची नगर वन योजना आहे. ५ जून २०२० ला ती जाहीर झाली तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी पुण्याच्या वारजे इथल्या नागरी वनाचं उदाहरण पुढे ठेवलं होतं. ही १६.८ हेक्टरची उजाड टेकडी वनविभागाने टेरे पॉलिसी सेंटर या संस्थेच्या साथीने हिरवी केली. या योजनेत नगर वनासाठी १० ते ५० हेक्टर आणि नगर वाटिकेसाठी १ ते १० हेक्टर जागा लागते, आणि हेक्टरी चार लाख रुपये राष्ट्रीय कॅम्पा, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या, निधीतून मिळतात. अर्ज वनविभागामार्फत किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेमार्फत जातो, नागरिकांच्या मंडळाला तो थेट करता येत नाही. पण वारज्याचं उदाहरण हेच सांगतं की सरकारी यंत्रणेच्या शेजारी एक टिकाऊ नागरी संस्था उभी असली की काम टिकतं. तुमच्या गावाजवळ वनखात्याची पडीक टेकडी असेल तर उपवनसंरक्षकांना भेटून सुचवा, जागेचा नकाशा तुम्हीच करून न्या.

माझी वसुंधरा अभियानाचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या या अभियानात नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गुण मिळतात आणि वरच्या क्रमांकांना रोख पारितोषिकं. तुमच्या गावाला असं पारितोषिक मिळालं असेल तर त्याची रक्कम पर्यावरणाच्या कामांवरच खर्च व्हायला हवी. ती कुठे जाणार हे मुख्याधिकाऱ्यांना विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

आता कंपन्या. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पर्यावरणाचा समतोल हा विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट आहे आणि जवळच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. त्यामुळे चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर इथल्या कारखान्यांकडे आसपासच्या गावांनी जाणं अगदी रास्त आहे. निधी घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची १२ए आणि ८०जी ही दोन्ही प्रमाणपत्रं चालू मुदतीची हवीत, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून त्या क्रमांकाशिवाय कंपनी पैसे देत नाही. तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर केवळ या निधीसाठी घाईने न्यास काढू नका. गावातल्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत काम करा.

आणि इथेच तिसऱ्या उन्हाळ्याची मेख आहे. सीएसआरच्या नियमांत 'चालू प्रकल्प' ही सोय आहे. संचालक मंडळाने तशी मंजुरी दिली की प्रकल्प सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो, आणि उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. 'मार्चअखेर सगळं संपवलंच पाहिजे' ही सक्ती मग राहत नाही. आता तारखा मांडा. प्रकल्प फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू झाला तर मुदत ३१ मार्च २०३० ला संपते. झाडं लागणार जुलै २०२७ मध्ये, म्हणजे त्यांचा तिसरा उन्हाळा २०३० चा, आणि नेमके एप्रिल-मे मुदतीबाहेर! तोच प्रकल्प एप्रिल २०२७ मध्ये सुरू झाला तर मुदत मार्च २०३१ पर्यंत जाते आणि तिसरा उन्हाळा पुरा आत येतो. म्हणून उरलेल्या पैशातून मार्चमध्ये खड्डे आणि कुंपणाचं छोटं काम वेगळं करून घ्यावं आणि लागवड-जोपासनेचा मुख्य प्रकल्प एप्रिलमध्ये नव्याने मंजूर करावा, अशी कंपनीला विनंती करावी. दोन महिन्यांच्या या फरकाने झाडांना एका उन्हाळ्याचं पाणी मिळतं.

परदेशातल्या आप्तांच्या मदतीबद्दल थोडं, कारण त्यात चांगल्या हेतूने चुका होतात. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पारपत्र असलेला तुमचा भाचा आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो, ती परकीय देणगी ठरत नाही. न्यू जर्सीतल्या आत्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तिची देणगी परकीय ठरते, ओसीआय कार्ड असलं तरीही. ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणगीच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही. नोंदणी नसेल तर प्रेमाने नको म्हणा.

प्रस्तावात काय लिहावं

पाच-सहा पानं पुरतात. सुरुवातीला जागा, तिचा मालक, पाणी, माणूस. मग झाडांची यादी. 'देशी वृक्ष' एवढंच लिहू नका, जागेगणिक नावं लिहा. अरुंद पदपथावर ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ. मोठ्या मैदानाच्या कडेला कडुनिंब, करंज, वावळ. ओढ्याकाठी अर्जुन, उंबर, करंज. वड-पिंपळ जिथे शंभर वर्षं हातपाय पसरू शकतील तिथेच. तारेखाली काटेसावर लावली तर दहा वर्षांत वीज कंपनीची करवत येणार, हे आधीच कळतं. नावांची अशी यादी वाचून निधी देणाऱ्याला कळतं की तुम्ही ती जागा पायाखाली घातली आहे.

रोपं पाच-सहा फुटी, मोठ्या पिशवीतली घ्या. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत वन महोत्सवाच्या काळात सवलतीच्या दरात रोपं मिळतात, पण मोठी रोपं लवकर संपतात. नोंदणी हिवाळ्यातच करावी.

अंदाजपत्रकात नांग्या भरण्याची तरतूद ठेवा. कितीही जपलं तरी काही रोपं जाणारच. गुरं खातात, कोणाची गाडी लागते, खोडकीड पडते. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या जागी लावायची रोपं आणि मजुरी आधीच मागितलेली असली की दुसऱ्या वर्षी माफीपत्र लिहावं लागत नाही. लोखंडी ट्री-गार्ड महाग असतात आणि चोरीला जातात. जिथे गुरं नाहीत तिथे बांबूचे पुरतात, हे बघून ठरवा. आणि जिथे लोखंडी लावाल तिथे ते चौथ्या वर्षी काढण्याचा खर्चसुद्धा लिहा, कारण न काढलेला ट्री-गार्ड खोडात रुतलेला प्रत्येक शहरात दिसतो.

मियावाकी पद्धतीबद्दल हल्ली प्रत्येक कंपनी विचारते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही दाट लागवडीची पद्धत मुंबई महापालिकेने अनेक भूखंडांवर वापरली आहे, आणि लहानशा कोपऱ्यात हिरवा पडदा हवा असेल तिथे ती चालते. पण तिच्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात, म्हणून कमी जागेत मोठा आकडा निघतो आणि आकड्यालाच भुलून निधी दिला जातो. एकमेकांशी उंचीची स्पर्धा करत त्यातली बरीच रोपं पुढे मरणारच असतात. दहा हजार रोपं लावली म्हणजे दहा हजार झाडं झाली असं लिहून देऊ नका. जागेचं क्षेत्रफळ आणि पाच वर्षांनी अपेक्षित छत्र किती, हे लिहा.

जगलेली झाडं दाखवण्याची पद्धत साधी ठेवा. प्रत्येक झाडाला क्रमांक, मोबाइलवर घेतलेलं स्थान, वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि जूनमध्ये, ठरलेल्या जागेवरून फोटो आणि छातीच्या उंचीला खोडाचा घेर. जूनची मोजणी महत्त्वाची, कारण ती उन्हाळा सोसून उरलेल्यांची असते. मेलेल्या झाडांची नोंद कारणासह करा. 'किती टक्के जगली' या एका आकड्यापेक्षा 'या गल्लीत पाण्याची गाडी वळत नव्हती म्हणून गेली' ही ओळ पुढच्या वर्षीचा निधी मिळवून देते.

उभ्या झाडांसाठीही मागा. नवं रोप लावायला पैसे देणारे पुष्कळ आहेत, साठ वर्षांच्या वडाभोवतीचं सिमेंट फोडायला, खोडातले खिळे आणि दिव्यांच्या तारा काढायला, पावसाळ्याआधी जाणकाराकडून तोल तपासून नीट छाटणी करून घ्यायला पैसे देणारे फार थोडे. एक जुना वड जी सावली आज देतो तिला नवी रोपं किती वर्षांनी पोहोचतील याचा विचार केला, तर हा खर्च शहराच्या सगळ्यात हिताचा आहे. प्रस्तावात पाचवा हिस्सा तरी जुन्या झाडांसाठी ठेवून पाहा. माझ्या मते वृक्षप्रेमी संस्थांनी यापुढे सगळ्यात जास्त जोर इथेच द्यावा.

बाहेरच्या देशांतून शिकण्यासारखं आहे ते जोपासनेसाठी राखलेल्या पैशाच्या बाबतीत. इंग्लंडने २०१९ मध्ये शहरी झाडांसाठी एक कोटी पौंडांचा निधी काढला, तेव्हा त्यात लागवडीबरोबर पहिल्या तीन वर्षांच्या जोपासनेचा खर्च धरला होता. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आर्बर डे फाउंडेशन मिळून 'ट्री सिटीज ऑफ द वर्ल्ड' हा मान देतात. २०२१ सालासाठी तो मुंबईला मिळाला. त्याच्या पाच निकषांत झाडांसाठी दरवर्षी राखून ठेवलेला निधी हा एक आहे. अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. २०२२ च्या कायद्याने तिथे शहरी झाडांसाठी दीडशे कोटी डॉलर ठेवले गेले आणि २०२३ मध्ये ३८५ प्रकल्पांना शंभर कोटींहून जास्त जाहीरही झाले. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच आर्बर डे फाउंडेशनचं साडेसात कोटी डॉलरचं अनुदान रद्द झालं, आणि फाउंडेशनमार्फत ज्या लहान संस्थांना पैसे मिळणार होते त्या अडकल्या. मंजुरीचं पत्र म्हणजे खात्यातला पैसा नव्हे. पुढच्या सहा महिन्यांचं पाणी आणि माळ्याचा पगार भागेल एवढी रक्कम लोकवर्गणीतून बाजूला ठेवल्याशिवाय पहिला खड्डा खणू नये.

अनुदान संपतानाचा कागद अनुदान सुरू होतानाच तयार करायचा असतो. महापालिकेच्या जागेवर काम असेल तर करारातच लिहून घ्या की तीन वर्षांनी झाडं उद्यान विभागाच्या ताब्यात जातील, त्यांची नोंद वृक्षगणनेत होईल, पाण्याची नळजोडणी चालू राहील आणि त्या टप्प्याची देखभाल विभागाच्या वार्षिक निविदेत येईल. हस्तांतरणाच्या दिवशी उद्यान निरीक्षकासोबत प्रत्येक झाडाजवळून चालत जा, क्रमांकांच्या यादीवर दोघांनी सह्या करा आणि एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात शिक्का मारून घ्या. टँकरचा मार्ग, कोणत्या दिवशी कोणती गल्ली, कुठलं झाड अजून अशक्त आहे, हे माळ्याच्या वहीत लिहिलेलं असतं. त्या वहीची प्रत यादीला जोडा. आणि शक्य असेल तर त्याच माळ्याला पुढच्या ठेकेदाराकडे कामाला ठेवण्याची शिफारस लेखी द्या. त्या झाडांना पाणी घालण्याचा तीन वर्षांचा अनुभव त्याच्याच हातात आहे.